प्राथमिक शिक्षक व्हायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की चौकशांची एक लाट येते, आणि पेपरात ‘शिक्षक भरती’ असा मथळा झळकला की दुसरी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं आणि आता डी.एल.एड.च्या मुलामुलींचे सराव पाठ बघते. त्यामुळे माझ्याकडे दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. ‘पात्रता काय लागते?’ हा सगळ्यांसमोर विचारलेला, आणि ‘बाई, मला जमेल का?’ हा सगळे गेल्यावर दाराशी थांबून विचारलेला. पहिल्याची उत्तरं शासन निर्णयात मिळतात. दुसऱ्याची तिथे मिळत नाहीत, म्हणून इथे त्यांना जास्त जागा दिली आहे. सगळं लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित मराठी शाळा डोळ्यांपुढे ठेवून.

पहिली ते पाचवीला शिकवायचं तर काय शिकावं लागतं?

बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., म्हणजे आपलं जुनं डी.एड. शाखा कुठलीही चालते. खुल्या प्रवर्गाला बारावीत साधारण पन्नास टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सूट असते. त्यासोबत शिक्षक पात्रता परीक्षेचा, म्हणजे टीईटीचा, पेपर एक. सहावी ते आठवीसाठी पदवी, तिच्या जोडीला डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा पेपर दोन. नववी-दहावीला पदवी व बी.एड., अकरावी-बारावीला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी व बी.एड.

एकेकाळी डी.एड.ला नंबर लागला की घरात पेढे वाटले जायचे. मग गल्लोगल्ली विद्यालयं निघाली, २०१० नंतर भरती बरीच वर्षं जवळजवळ थांबली आणि ती गर्दी ओसरली. त्यामुळे आज प्रवेश मिळणं अवघड नाही. अवघड आहे ते पुढचं.

माझं बी.एड. झालंय. पहिली-दुसरीला अर्ज करता येईल ना?

नाही. २०१८च्या एका अधिसूचनेनं ती वाट उघडली होती. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३च्या निकालात ती बंद केली. प्राथमिकला डी.एल.एड.च लागतं.

‘मोठी पदवी असून लहानांना शिकवायला नालायक कसे?’ असं चिडून विचारणारे बरेच भेटतात. पहिलीतल्या मुलाला अक्षर-ओळख करून देणं हे नववीला बीजगणित शिकवण्यापेक्षा सोपं काम आहे, असं आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. एकदा पहिलीच्या वर्गावर आठवडाभर उभं राहून बघा.

चार वर्षांच्या एकत्रित अभ्यासक्रमाचं काय?

बारावीनंतर पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा हा अभ्यासक्रम २०२३-२४पासून देशात मोजक्या संस्थांत सुरू झाला आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुढे हाच मुख्य रस्ता असेल असं म्हटलं आहे. जवळपास सोय असेल तर जरूर विचार करा. नसेल तर त्याची वाट बघत वर्षं घालवू नका.

टीईटी, सीटीईटी आणि टेट यांत फरक काय? आमचा तर पार गोंधळ उडालाय.

उडणारच, नावंच तशी आहेत.

टीईटी ही पात्रता परीक्षा. ती पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुणांचे. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. राखीव प्रवर्गांना ५५ टक्के. प्रमाणपत्राची मुदत पूर्वी सात वर्षं होती, २०२१मध्ये ती आजन्म झाली. सीटीईटी हीच परीक्षा केंद्र स्तरावर सीबीएसई घेते, आणि ती आपल्या राज्याच्या भरतीतही धरली जाते. दोन्ही द्या, बिघडत काही नाही.

टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. ही संगणकावर होते. २०० प्रश्न, १२० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३६ सेकंद. यात पास-नापास नाही, जे गुण पडतील त्यावर गुणवत्ता यादीतली जागा ठरते. टीईटीमुळे तुम्ही रांगेत उभे राहता, रांगेत कितवे ते टेट ठरवते.

दोन्ही परीक्षा मिळून तुमचं पाठांतर, तर्क आणि वेग तपासतात. रडणाऱ्या मुलाशी तुम्ही कसं बोलता, हे दोन्हींत कुठेच येत नाही.

टीईटी पास झाले. आता नोकरी कधी?

याचं उत्तर देताना मलाच अवघडल्यासारखं होतं. सरकारी व अनुदानित शाळांतली भरती आता पवित्र पोर्टलवरून, म्हणजे शासनाच्या शिक्षक भरतीच्या संकेतस्थळावरून, होते. नोंदणी करायची, स्वप्रमाणपत्र भरायचं, जिल्हा परिषदांच्या आणि संस्थांच्या जाहिराती आल्या की प्राधान्यक्रम लॉक करायचे, यादीत नाव आलं की कागदपत्रांची पडताळणी, मग समुपदेशनानं शाळा. कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात कुठे बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची, याची नोंद) तपासून झालेली नसते, कुठे पटसंख्येचा घोळ असतो, कुठे कोणी कोर्टात गेलेलं असतं.

टेट पहिल्यांदा डिसेंबर २०१७मध्ये झाली, दुसरी २०२३मध्ये, तिसरी २०२५मध्ये. पहिली आणि दुसरी यांतलं अंतर नीट पाहा. त्या काळात कित्येकांची उमेदीची वर्षं गेली, लग्नं लांबली, कुणी दुकान टाकलं, कुणी बँकेच्या परीक्षेकडे वळलं. म्हणून माझा सल्ला एकच: भरतीची वाट बघताना शिकवत राहा. गावातल्या अभ्यासिकेत, एखाद्या संस्थेच्या वाचन वर्गात, खासगी शाळेत पगार कमी असला तरी. मुलांपासून तुटलेला उमेदवार यादीत वर असला तरी वर्गात गेल्यावर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

मी आधीच नोकरीत आहे. आता या वयात टीईटी द्यायची?

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालाप्रमाणे, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त सेवा शिल्लक आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. पाच वर्षांहून कमी राहिली असेल तर नोकरी निवृत्तीपर्यंत चालेल, पण बढती हवी असेल तर टीईटी लागेलच. अल्पसंख्याक संस्थांना हे लागू होतं का, हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे.

वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसांना हा अपमान वाटतो, आणि ते मी समजू शकते. पण बालमानसशास्त्राचं पुस्तक पुन्हा उघडण्यात नुकसान काही नाही.

पगार किती मिळतो? खरं सांगा.

सुरुवातीची तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. ही पद्धत २०००पासून आहे. १ जानेवारी २०२३पासून प्राथमिकला महिना १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये मानधन आहे. त्याआधी प्राथमिकच्या शिक्षण सेवकाला सहा हजार मिळत. तीन वर्षांनी कायम झालात की प्राथमिक शिक्षकाची सातव्या वेतन आयोगातली श्रेणी २९,२०० ते ९२,३००, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन सरसकट नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

महात्मा फुल्यांनी १८८२मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शिक्षकाला किमान १२ रुपये आणि मोठ्या गावात १५ ते २० रुपये पगार असावा अशी मागणी आहे. कमी पगाराच्या शिक्षकाकडून चांगल्या शिक्षणाची अपेक्षा धरता येत नाही, असा त्यांचा रोख होता. त्याच निवेदनात त्यांनी असंही म्हटलंय की प्राथमिकचे शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातले असावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हातात धरायला ज्यांना लाज वाटणार नाही असे. शिक्षकाच्या गुणांबद्दलची याहून नेमकी अट मी नंतरच्या कुठल्या परिपत्रकात वाचलेली नाही.

ओळखीतून एका संस्थेत जागा आहे म्हणतात, फक्त काही रक्कम द्यावी लागेल.

देऊ नका. वडिलांचं शेत विकून, बहिणीचे दागिने मोडून लोकांनी असे पैसे दिले आहेत, मला प्रत्यक्ष माहीत आहेत. नोकरी लागली तरी शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता अडते, पगार निघायला लागणारा शालार्थ आयडी मिळत नाही आणि पगाराविना वर्षानुवर्षं फुकट राबावं लागतं. बोगस शालार्थ आयडीची प्रकरणं आणि टीईटीच्या निकालातले गैरप्रकार दोन्ही पोलिसांपर्यंत गेले, त्यात उमेदवारही अडकले. पैसे घेणारा निसटतो, कागदावर सही तुमची असते.

मला लहान मुलं खूप आवडतात. एवढं पुरे का?

पुरे नाही. शेजारचं गोड पोर अर्धा तास आवडणं वेगळं आणि जूनच्या दमट दुपारी पस्तीस मुलं, त्यांतल्या दोघांची मारामारी, एकीच्या नाकातून वाहणारा शेंबूड आणि मागून ‘बाई, ह्यानं माझं खोडरबर घेतलं’ हे सगळं रोज आवडणं वेगळं. शिवाय मुलं आवडतात म्हणणाऱ्यांना बहुतेक वेळा हसरी, स्वच्छ, चटकन उत्तर देणारी मुलं आवडत असतात. वर्गातल्या न आवडणाऱ्या मुलाशी तुम्ही कसं वागता, तिथे तुमची परीक्षा आहे. अंगाला वास येणारं, खोटं बोलणारं, तुमच्याकडे बघतच नाही असं एक तरी मूल प्रत्येक वर्गात असतं.

माझ्या मते माया म्हणजे लक्ष. कोण आज आलं नाही, कोण चार दिवस त्याच शर्टात येतंय, कुणाची पाटी फुटली आहे, कोण खिचडीच्या वेळी ताटात दुसऱ्यांदा घेतंय आणि घरी न्यायला खिशात लपवतंय. हे दिसायला लागलं की पुढचं काय करायचं ते बहुतेकांना सुचतं. न दिसणं हीच खरी अडचण असते, आणि ती सवयीनं जाते.

म्हणजे शिक्षक जन्मावा लागत नाही?

सावित्रीबाईंनीसुद्धा प्रशिक्षण घेतलं होतं. अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षक घडवणाऱ्या शाळेत. १८४८च्या भिडेवाड्यातल्या शाळेचं आपण कौतुक करतो, अंगावर शेणमाती झेलल्याचं सांगतो, पण त्या शिकवायचं रीतसर शिकल्या होत्या हे सहसा भाषणात येत नाही. जयंतीच्या भाषणापेक्षा हे डी.एल.एड.च्या पहिल्या तासाला सांगायला हवं.

प्रेमळ शिक्षक म्हणजे कधीच न रागावणारा का?

नाही. मुलांना ढिला शिक्षक आवडत नाही. त्याच्या वर्गात दांडगी पोरं राज्य करतात आणि गरीब स्वभावाची मार खातात. शिस्त हवी, फक्त ती आज एक, उद्या दुसरी अशी नको.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मी एका गणितावरून देते. तिसरीतल्या मुलीनं ४२ वजा १७ बरोबर ३५ लिहिलं. तुम्ही काय कराल? लाल फुली मारणारे असतात. ‘अगं, कितीदा सांगितलं, दशक सुटा कर!’ म्हणणारे असतात. ‘असू दे बाळा, पुन्हा कर’ म्हणणारे प्रेमळही असतात. पण तिला जवळ बसवून ‘कसं काढलंस, मला सांग’ असं विचारणारा विरळा. विचारलंत तर ती सांगेल: सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. म्हणजे तिला वजाबाकी येते. मोठ्यातून लहान काढायचं हा नियमही तिनं नीट धरून ठेवलाय, फक्त तो चुकीच्या जागी लावलाय. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिनं सोय पाहिली. मग दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या तिच्या पुढ्यात ठेवा आणि म्हणा, ‘यातून मला सतरा दे.’ ती दोन सुट्ट्यांकडे बघेल, तुमच्याकडे बघेल आणि एका गठ्ठ्याचं रबर काढेल. दशक सुटा करणं तिनं तुमच्यासमोर शोधून काढलेलं असेल. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं देणं ही माया. आवाज गोड होता की नाही, त्याला मी फारसं महत्त्व देत नाही.

छडी अजिबात नाही? आम्ही तर मार खाऊनच शिकलो.

अजिबात नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी. उठाबशा, कोंबडा, उन्हात उभं करणं त्यात आलंच. ‘ढ’, ‘मठ्ठ’, ‘तुझ्या बापानं तरी कधी शाळा पाहिली का’ हेही त्यात येतं. जातीवरून बोलणं तर थेट गुन्हाच आहे.

आणि तुम्ही मार खाऊन शिकलात हे अर्धंच खरं आहे. जे मार खाऊन शाळा सोडून गेले, ते तुमच्या दहावीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाहीत.

वर्गात दोन-तीन मुलं फारच मागे आहेत. सगळ्यांना घेऊन पुढे कसं जायचं?

‘मागे आहेत’ यापलीकडे जाऊन नेमकं कुठे अडलंय ते आधी शोधा. पुष्कळ मुलं क, म, ळ सुटे वाचतात आणि ‘कमळ’ समोर आलं की थांबतात. त्यांना अक्षरं पुन्हा गिरवायला देऊन काही होत नाही, त्यांना अक्षरं जोडण्याचा सराव हवा असतो. दुसरी कुणी काना, मात्रा, वेलांटीला अडखळतात. एखाद्याला फळाच दिसत नसतो. चष्मा लागला की ‘ढ’ पोर आठवड्यात सुधारल्याची उदाहरणं कुठल्याही अनुभवी शिक्षकाला विचारा.

या मुलांना परिपाठानंतर रोज दहा-पंधरा मिनिटं वेगळी द्या, बाकीच्यांना तेवढा वेळ गटात काम लावून. शाळा सुटल्यावर थांबवून ठेवू नका. ते शिक्षेसारखं वाटतं, आणि घरी त्यांना शेळ्या सोडायच्या असतात.

मुलांच्या घरची भाषा वेगळी आहे, मला ती येत नाही.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे पावरी आणि भिली, गडचिरोलीत गोंडी, तांड्यावर गोरमाटी. मराठी शाळेतल्या असंख्य मुलांची मराठी ही दुसरी भाषा आहे. तुम्ही दोन महिन्यांत व्याकरण शिकणार नाही, पण पाणी, भूक, शू, ताप, ये, बस, शाबास एवढे शब्द पहिल्या आठवड्यात वहीत उतरवून घ्या. मुलांकडूनच घ्या. बाई आपल्याकडून शिकतायत आणि चुकतायत, यात त्यांना भारी मजा वाटते. घरची भाषा वर्गात बोलली म्हणून कुणाला गप्प करू नका. गप्प बसलेलं मूल मराठीही शिकत नाही.

दिवाळीनंतर आमच्या शाळेतली निम्मी मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. यात शिक्षक काय करणार?

बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव भागातल्या शिक्षकांचा हा दरवर्षीचा प्रश्न आहे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ऊसतोडीला जोडपं निघणारच, आपण ते थांबवू शकत नाही. पण दसऱ्याच्या आधीच पालकांना भेटा. आजी-आजोबा गावात असतील तर मूल मागे राहू शकतं का ते विचारा. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीकडून वेळेत जाऊ द्या, कारण उशीर झाला की मुलं गेल्यावर मंजुरी येते. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसवून घेतील. आणि फोन करा. फडावरच्या मुलाला ‘बाईंचा फोन आला’ ही मोठी गोष्ट असते. ते एप्रिलमध्ये परत येतं की नाही, यात त्या फोनचा वाटा असतो.

मूल शाळेत येऊ शकत नसेल तर काय करायचं, याचं उत्तर बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार पूर्वी देऊन ठेवलंय. १९४५मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आणि १९५७पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी वारली मुलांसाठी काम केलं. मुलं येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं दिवसभर रानात असत, तर शिक्षक त्यांच्या मागे कुरणात गेले आणि तिथे शाळा भरवली. तिला कुरणशाळा म्हणत. ‘पालकच उदासीन आहेत’ असं केंद्रप्रमुखांना लिहून देण्याआधी कुरणशाळा आठवावी.

साने गुरुजींसारखं होणं आजच्या काळात शक्य आहे का?

नाही, आणि तसा प्रयत्नही करू नका. गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत, छात्रालयात मुलांबरोबर राहत, त्यांची अंथरुणं आवरत, मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढत. ते अविवाहित होते आणि छात्रालय हेच त्यांचं घर होतं. तुम्हाला चाळीस किलोमीटर जाऊन-येऊन घरी स्वयंपाक करायचाय, सासूबाईंची औषधं आणायचीत, स्वतःच्या लेकराचा अभ्यास घ्यायचाय. त्यांच्याशी तुलना केली की फक्त अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटणारा माणूस लवकर कडवट होतो. शाळेच्या वेळेत पूर्ण हजर राहा, एवढं पुष्कळ झालं.

पूर्ण हजर कसं राहणार? निम्मा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो.

ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. यू-डायस (शाळेची सगळी माहिती भरायची सरकारी प्रणाली), आधार जुळणी, खिचडीचा हिशेब, ‘आजच्या आज पाठवा’ म्हणून आलेले तक्ते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. पण या तक्त्यांना शैक्षणिक काम म्हटलं की विषय संपतो. द्विशिक्षकी शाळेत एक जण मीटिंगला गेला तर दुसऱ्याच्या वाट्याला चारही इयत्ता येतात. यावर माझ्याकडे जादूचा उपाय नाही. बहुवर्ग अध्यापन मनापासून शिकून घ्या, मोठ्या मुलांना लहानांचं वाचन घ्यायला शिकवा, आणि मोबाइलवरचा तक्ता मुलांसमोर भरू नका. अधिकाऱ्याला संध्याकाळी पाचला मिळाला तरी आभाळ कोसळत नाही.

एखाद्या मुलीनं घरी किंवा शाळेत कुणी त्रास देतं असं सांगितलं तर?

आधी शांतपणे ऐका. ‘नक्की ना?’, ‘खोटं तर बोलत नाहीस?’ असं विचारू नका. ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असला तरी पोक्सो कायदा २०१२नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापक ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणाले तरी. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८, तो वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गावात कुजबुज होईल. होऊ द्या.

मला चारचौघांत बोलता येत नाही. मी शिक्षक होऊ शकेन?

बिनधास्त या. मोठ्यांसमोर ततपप होणारी माणसं मुलांसमोर खुलतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय. मला काळजी वाटते ती फार बोलणाऱ्यांची.

सराव पाठाला तुम्ही नेमकं काय बघता?

पाठाचं टाचण, म्हणजे आधी लिहून आणलेली आखणी, बघते, पण पटकन. मग मी मागे मुलांमध्ये जाऊन बसते. समोर विद्यार्थिनी-शिक्षिका रंगीत तक्ता लावते, छान आवाजात गाणं म्हणते, ‘समजलं का?’ विचारते आणि सगळा वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो. माझ्या शेजारच्या पोराच्या वहीत मात्र तारखेपलीकडे काही नसतं. तोही ‘हो’ म्हणालेला असतो. त्याच्यापर्यंत ती कधी पोचते हे मी घड्याळ लावून बघते. तक्त्याला फार गुण देत नाही. तो घरी कुणीतरी काढून दिलेला असतो, हे आम्हाला कळतं.

शहरात वाढलेय. दुर्गम भागात पोस्टिंग मिळालं तर?

घ्या. आंतरजिल्हा बदलीला वर्षं लागतात, हे डोक्यात ठेवून घ्या. गावातच किंवा जवळच्या मोठ्या गावात खोली करा, निदान पहिली दोन-तीन वर्षं. रोज तालुक्याहून ये-जा करणाऱ्या शिक्षकाला गाव ‘आलेत-गेलेत’ म्हणतं. राहणाऱ्याला लग्नाची पत्रिका येते, आणि पत्रिका आली की मुलांच्या घरात जाता येतं.

घरी शिकवणी घेऊन चार पैसे मिळवता येतील का?

नाही. शिक्षण हक्क कायदा, कलम २८.

साडीच नेसावी लागते का?

मार्च २०२४च्या सूचनांप्रमाणे साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा, पुरुषांनी शर्ट-पँट, शर्ट खोचलेला. जीन्स आणि टी-शर्ट चालत नाहीत. पहिलीचा वर्ग मिळणार असेल तर फिकट रंग घेऊ नका. दुपारपर्यंत पदराला खडू, डाळ आणि कुणाचं तरी नाक पुसलेलं असतं.